अंबाडा मावेल अशी ओटीची टोपी: माप, कापणी आणि नाडी

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी भूलशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेते आहे. केस कमरेपर्यंत आणि दाट. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, मिळणाऱ्या पातळ टोप्या तासाभरात मागे सरकतात आणि कपाळावरचे केस बाहेर येतात. आईकडे पायमशीन आहे. ब्लाउज येत नाही, पण परकर आणि उशांचे अभ्रे शिवता येतात. मागून सैल-घट्ट करता येणारी कापडी टोपी घरी जमेल का, इलॅस्टिक घालू की नाडी, आणि कापड किती आणू?

ताई, परकर येतो म्हणजे नेफा, नाडी ओवायची दुमड, येतो आणि नाडीही येते. या टोपीत अवघड म्हणावं असं काम एकच आहे, वाकड्या कडेला सरळ पट्टी जोडायचं. ते खाली नीट सांगते. मी मिरजेत शिवणकाम करते. या गावाला दवाखान्यांचं गाव म्हणतात ते काही उगाच नाही, १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी इथं मिशनचा दवाखाना काढला तेव्हापासून ही परंपरा आहे. त्यामुळे ब्लाउज-ड्रेसच्या जोडीला ओटीचे गाऊन, चादरी आणि टोप्या हेही माझं नेहमीचं काम.

आधी ती टोपी का सरकते ते बघू, कारण सगळं डिझाइन त्यावर बेतलेलं आहे. त्या पातळ, फुगीर टोपीला चहूबाजूंनी सारखंच इलॅस्टिक असतं. कपाळाकडे जेवढी ओढ, तेवढीच मानेकडे. डोकं वर निमुळतं, केस गुळगुळीत आणि मागे अंबाड्याचं ओझं, त्यामुळे अंबाडा टोपीला मागे ओढतो आणि पुढचं इलॅस्टिक केसांवरून वर चढतं. टोपी धरून ठेवायची जागा कपाळ नाहीच. डोक्याच्या मागे हाडाचा उंचवटा हाताला लागतो ना, त्याच्या खाली, मानेच्या वरच्या खळगीत टोपी आवळली गेली पाहिजे. तिथं बसली की ती वर येऊ शकत नाही. म्हणून पुढची बाजू सपाट, चुण्या नसलेली आणि पक्की, आणि सगळी सैल-घट्ट करायची सोय मागे. बाजारातल्या पुष्कळ कापडी टोप्याही इथंच चुकतात. नाडी सगळीकडून फिरवलेली असते, मग ओढली की चुण्या कपाळावर येतात आणि आठ तासांनी वळ उठतात.

कापड घ्यायच्या आधी मुलीला ओटीच्या इनचार्ज सिस्टरांना विचारायला सांगा. काही ठिकाणी घरची टोपी चालते, काही ठिकाणी दवाखान्याच्या लाँड्रीतच धुतलेली लागते, काही ठिकाणी चालतच नाही. कापडी टोपी वाईटच असं मात्र कुणी म्हणालं तर ते खरं नाही. ट्रॉय मार्केल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सच्या नियतकालिकात टोप्यांची तुलना छापली होती. तीत एकदा वापरून टाकायच्या फुगीर टोपीचं कापडच जास्त सच्छिद्र निघालं होतं. अर्थात कापडी टोपी रोज धुतलेली हवी. तीच टोपी आठवडाभर पर्समधून नेणार असेल तर त्या पातळ टोप्याच बऱ्या.

कापड शंभर टक्के सुती पॉपलिन घ्या. आमच्याकडे इचलकरंजीचं सहज मिळतं, तुमच्याकडे परकराचं चांगल्या विणीचं कापड मागितलंत तरी चालेल. उजेडासमोर धरून बघा, बोटं स्पष्ट दिसली तर ते पातळ आहे. जुन्या सुती साडीचा मोह बऱ्याच जणींना होतो. मऊ असते हे खरं, पण वीण विरलेली असते, अशा कापडातून केस बाहेर येतात. टेरिकॉट नको, घाम टिपत नाही. दुकानदार सुती म्हणून टेरिकॉट देतो अशी शंका आली तर कडेचे चार धागे ओढून चिमट्यात धरून जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटानं चुरडते. टेरिकॉटमधलं पॉलिएस्टर आक्रसतं आणि त्याचा टणक मणी होतो. दर मे महिन्यात, १२ तारखेचा परिचारिका दिन जवळ आला की खणाच्या टोप्या शिवून द्या म्हणून कुणीतरी येतंच. फोटोपुरती देते शिवून. रोजच्या गरम धुण्याला खण टिकत नाही आणि रंग सोडतो.

छत्तीस इंच पन्ह्याचं अर्धा मीटर कापड एका टोपीला पुरतं. पहिल्यांदा शिवताय, म्हणून एक मीटर आणा. आणि घरी आणल्या आणल्या ते गरम पाण्यात तासभर बुडवून, पिळून, वाळवून, इस्त्री करून मगच कापायला घ्या. हे मी ठेच खाऊन शिकले. सुरुवातीच्या काळात एका खासगी दवाखान्यासाठी गर्द मरून रंगाच्या डझनभर टोप्या शिवल्या. घाई होती, कापड पाण्यातून काढलं नाही. पहिल्याच धुण्यात त्या आटल्या, नेफे आखडले, नाड्या अडकल्या आणि बरोबरच्या पांढऱ्या चादरी गुलाबी झाल्या. टोप्यांचे पैसे सोडा, चादरींचं बोलणं अजून आठवतं. गर्द रंग असेल तर ओल्या कापडावर पांढरा रुमाल घासून बघा. रुमालाला रंग लागला तर ते कापड उशीला वापरा.

आता माप. बायका डोक्याचा घेर मोजतात आणि थांबतात. घेर साधारण एकवीस ते साडेतेवीस इंच असतो आणि तो नाडी सांभाळून घेते. खरं माप अंबाड्याचं. मुलगी ओटीत जसा घालते तसा अंबाडा घालायला सांगा. टेप कपाळावर केस सुरू होतात तिथं ठेवा, डोक्यावरून, अंबाड्यावरून नेऊन मागच्या उंचवट्याखाली मानेपर्यंत आणा. टेप ओढू नका. दाट केसांना हे माप सतरा इंचांच्या आसपास येतं. त्यात एक इंच मिळवा, म्हणजे अठरा. ही झाली मधल्या पट्टीची लांबी. मुलगी वसतिगृहात असेल तर फोनवर माप घेता येतं, टेप नसेल तर नाडीनं मोजून नाडी फूटपट्टीवर ठेवायची.

टोपीचे मुख्य भाग तीन आहेत: कपाळापासून मानेपर्यंत जाणारी मधली पट्टी आणि दोन बाजूंच्या दोन कमानी. कमानीचा कागद आधी करा. वर्तमानपत्र उभं दुमडा. दुमडीपासून खालच्या कडेवर सव्वाचार इंचांवर खूण करा, दुमडीवर सात इंच उंचीला खूण करा. आता साडेतीन इंच उंचीवर दुमडीपासून सुमारे पावणेचार इंचांवर एक टिंब, सहा इंच उंचीवर सव्वादोन इंचांवर एक टिंब. ही टिंबं गोलाईनं जोडा. टोक काढू नका, देवळाच्या कमानीसारखी गोल हवी. कापून उलगडलं की तळ साडेआठ आणि उंची सात. टेप उभी धरून कमानीची कड मोजा, अठराच्या जवळ येईल. तुमचं माप वेगळं असेल तर उंची बदला. उंची इंचभर वाढवली की कड साधारण पावणेदोन इंचांनी वाढते. आखूड केसांच्या कुणासाठी शिवायची झाली तर उंची पाच घ्या, कड साडेचौदा येते आणि टोपी डोक्यालगत बसते. कड आणि पट्टीची लांबी जुळली पाहिजे, एवढं सांभाळलंत की गणित संपलं.

मधली पट्टी सहा इंच रुंद, अठरा लांब. या सगळ्याला चारही बाजूंनी अर्धा इंच शिलाईसाठी सोडा, म्हणजे पट्टी सात बाय एकोणीस कापायची आणि कमानीच्या कागदाभोवती अर्धा इंच वाढवून दोन कमानी कापायच्या. कमान दोन्हीकडून सारखी असल्यामुळे उजवी-डावी, पुढची-मागची अशी भानगड नाही. खालच्या नेफ्यासाठी दोन इंच रुंद आणि तीस इंच लांब पट्टी लागते, दोन तुकडे जोडून केली तरी चालते. तुमच्या कमानीचा तळ वेगळा असेल तर हिशोब असा: दोन तळ अधिक सहा आणि सहा, अधिक एक इंच. शिवाय नाडीसाठी एक इंच रुंदीच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी चौदा इंच, आणि घाम टिपायला जुन्या मऊ मलमलीचा चौदा बाय तीन इंचांचा तुकडा.

नाव भरायचं असेल तर ते आत्ताच, पट्टी सुटी असताना. पुढच्या कडेपासून दोन इंच वर, मागे पातळ कापडाचा तुकडा ठेवून साध्या साखळी टाक्यानं भरा. मुलगी भूलतज्ज्ञ होते आहे म्हणून मुद्दाम सांगते: टोपीवर नाव आणि काम लिहायची चळवळ सिडनीच्या रॉब हॅकेट या भूलतज्ज्ञांनी २०१७ मध्ये सुरू केली. तोंडावर मास्क, अंगात सगळ्यांच्या सारखेच कपडे, मग घाईच्या वेळी हाक कुणाला मारायची? नाव मोठं आणि सुटसुटीत भरा. वेलबुट्टी नको, लांबून वाचता येत नाही.

मशीनला चौदा नंबरची सुई, इंचाला दहा-बारा टाके, दोरा स्पन पॉलिएस्टरचा. कापड सुती असलं तरी दोरा सुती नको, गरम धुण्यात तो आटतो आणि टीप चुरमडते.

आता ते अवघड काम. पट्टीच्या लांब कडेचा मध्य आणि कमानीच्या माथ्याचा मध्य, दोन्हीकडे खडूनं खूण करा. पट्टीच्या दोन्ही लांब कडांना दर अर्ध्या इंचावर पाव इंच खोल कट मारा. कट पट्टीला मारायचे, कमानीला नाही. सरळ कड गोलाईवर उघडायला हवी म्हणून हे कट. सुलट्या बाजू समोरासमोर ठेवून आधी मध्य टाचा, मग दोन्ही टोकं, मग मधलं. शिवताना पट्टी वर आणि कमान खाली, म्हणजे कट डोळ्यांसमोर राहतात आणि चुणी पडली तर लगेच दिसते. माथ्यापासून एका टोकाकडे शिवा, परत माथ्यावर येऊन दुसऱ्या टोकाकडे. एका दमात शिवायला गेलात तर शेवटी पट्टी पाऊण इंच उरते आणि मग ती कापून टाकायचा मोह होतो. कापू नका, उसवा. गोलाईच्या जागी चार-चार टाक्यांनी सुई कापडातच ठेवून दाब उचला आणि कापड वळवा. दुसरी कमानही अशीच.

दोन्ही जोड झाले की आतल्या कडांचा बंदोबस्त करा. ओटीत सुटे धागे अजिबात चालत नाहीत, आणि आपण तर कट मारून ठेवलेत. जवळ इंटरलॉकवाला असेल तर त्याच्याकडून मारून घ्या. नसेल तर मलमलीच्या उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, पट्टीनं कड बांधा. मी बांधतेच, इंटरलॉकचा दोरा आत टोचतो अशी एका सिस्टरांची तक्रार आल्यापासून. मग शिलाई मधल्या पट्टीकडे वळवून वरून आणखी एक टीप मारा.

खालचा घेर आता एकोणतीस इंच भरेल. त्यातला पुढचा सतरा इंच, म्हणजे कपाळाची पट्टी आणि दोन्ही कमानींचा पुढचा साडेपाच-साडेपाच इंच, सपाट राहणार आहे. मागचा बारा इंच, म्हणजे मानेची पट्टी सहा आणि दोन्हीकडून कमानीचे तीन-तीन, नाडीनं आवळायचा आहे. बाराचा सहावर आला की घेर तेवीस होतो. त्याच्या अलीकडे-पलीकडे दीड-दोन इंच सहज खेळतं.

नेफ्याची पट्टी नेहमीसारखी सुलटीकडून लावून आत दुमडायची नाही. उलट करायचं: पट्टीची सुलटी बाजू टोपीच्या उलट्या बाजूला लावा, खालून अर्ध्या इंचावर टीप मारा आणि पट्टी बाहेर काढून वरची कड अर्धा इंच दुमडून टोपीच्या सुलटीवर बसवा. असं केल्यानं नाडीचं तोंड बाहेर येतं, काज करावी लागत नाही, आणि गाठ मानेला टोचत नाही. पट्टीची दोन्ही टोकं आधीच अर्धा-अर्धा इंच दुमडून घ्या आणि ती मानेच्या बरोबर मध्यावर समोरासमोर येतील अशी लावा. परकराला नाडीसाठी फट ठेवतो तशीच ही फट. वेगळ्या रंगाची पट्टी घेतली तर किनारीसारखी छान दिसते, ही हौस मी करते.

पहिली टीप मारण्याआधी मलमलीचा तुकडा आडवा दुमडून दीड इंचाचा करा आणि कपाळाच्या भागात टोपी आणि नेफ्याची पट्टी यांच्यामध्ये, सुट्या कडा खाली धरून सारून ठेवा. त्याच टिपेत तो पकडला जातो, आणि नेफा बाहेर काढला की मलमल आत राहते. पुढे नेफ्याची वरची टीप मारताना तीतही तो सापडतो. ओटीतल्या दिव्यांखाली किती घाम येतो ते मुलगी सांगेलच.

नाडी मात्र नेफ्याची वरची टीप मारण्याआधी आत ठेवायची. इंचाची पट्टी चार पदरी दुमडून टीप मारली की पाव इंची नाडी होते. तिचं एक टोक मागच्या जोडापासून तीन इंच पुढे, कमानीवर, नेफ्याच्या आत ठेवून आडव्या टिपेनं दोन-तीनदा पक्कं करा. दुसरं टोक मधल्या फटीतून बाहेर. दुसऱ्या बाजूला तसंच. मग वरची टीप मारताना नाडी टिपेत सापडू देऊ नका, खाली दाबून धरा. सापडली तर उसवण्याशिवाय इलाज नाही, माझ्याकडूनही अजून होतं. फटीच्या दोन्ही कडांना उभी टीप मारा, तिथं ओढ जास्त असते. नाडीचं बाहेरचं टोक दुमडून शिवा, नुसती गाठ मारून सोडू नका.

इलॅस्टिक की नाडी, हे विचारलं होतंत. माझा कौल नाडीला. रोजच्या गरम धुण्यात रबर काही महिन्यांत सैल पडतं आणि मग नेफा उसवून बदलत बसावं लागतं. आणि तयार चकचकीत नाडी आणू नका, तिची गाठ घसरते. सुती नाडीची गाठ धरते. जॅकेटच्या दोरीला असतो तसा दाबायचा स्टॉपर लावून द्या असं हल्ली मुली सांगतात, एका हातानं होतं म्हणून. तुमच्या मुलीसाठी मी तो लावणार नाही. बऱ्याच स्टॉपरच्या आत पोलादाची स्प्रिंग असते, आणि भूल देणाऱ्यांना एमआरआयच्या खोलीतही जावं लागतं. तिथल्या यंत्रात जबरदस्त चुंबक असतं, डोक्यावर लोखंड नको. त्याच कारणासाठी बटणं लावलीत तर तीही प्लास्टिकची.

बटणांचं म्हणाल तर २०२० च्या कोविडच्या दिवसांत सगळ्यांनाच टोपीला बटणं हवी होती, मास्कचे बंद कानाऐवजी त्यावर अडकवायला. मुलगी बंद बांधायचा मास्क वापरत असेल तर गरज नाही. कानात अडकवायचा असेल तर नाडी जिथं पक्की केली त्या जागेच्या जरा पुढे, नेफ्यावर, मोठं बटण लावा. मागे कापडाची चौकोनी चकती घ्या, नाहीतर ओढीनं कापड फाटतं. कान झाकायचे की उघडे, तेही तिलाच विचारा. भूल देणाऱ्यांना कानात स्टेथोस्कोप लागतो, म्हणून बहुतेकींना नेफा कानाच्या वरच्या टोकावर आलेला आवडतो. झाकायचेच असतील तर या टोपीत उंचीला पुरेसं सैल आहे, खाली ओढली की येते.

घालताना अंबाडा आधी आत टाकायचा, मग टोपी कपाळावर ओढायची, आणि शेवटी उंचवट्याखाली नाडी आवळून सरफास मारायचा. लोंबणारी टोकं नेफ्यात खोचायची. उलट क्रमानं घातली, म्हणजे कपाळापासून सुरुवात केली, तर अंबाडा टोपीला वर ढकलतो आणि मग टोपीलाच नावं ठेवली जातात.

धुण्याचं म्हणाल तर ओटीची टोपी निर्जंतुक लागत नाही, स्वच्छ लागते, त्यामुळे ऑटोक्लेव्हची, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्राची, गरज नाही. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या सूचनांत दवाखान्यातल्या गरम धुण्यासाठी ७१ अंश सेल्सिअस आणि किमान २५ मिनिटं असं दिलंय. घरच्या मशीनला एवढं तापमान प्रत्येक वेळी मिळत नाही. दवाखान्यानं घरी धुवायला परवानगी दिली असेल तर टोप्या वेगळ्या, सर्वांत गरम पाण्यावर, आणि कडक वाळवून इस्त्री. ब्लीच रंगीत कापडावर नको, नेफ्याची कड आधी विटते.

पहिली टोपी जुन्या चादरीची करा, ब्लाउजचं कच्चं करतो तशी. मुलीला पाठवा, एक अख्खी ड्यूटी घालायला सांगा, आणि कुठे टोचलं, कुठे सरकली ते विचारा. पुढून सैल वाटली तर तळ साडेआठचा सव्वाआठ करा. अंबाड्यावर ताण आला तर कमान अर्धा इंच उंच करा आणि पट्टी सुमारे पाऊण ते एक इंच लांब, कड टेपनं परत मोजून. मग चांगल्या कापडाला हात घाला, आणि एकदम सहा शिवा. रोज एक, आणि लाँड्री चुकली तर एक जास्तीची.